खेळण्यातली आगगाडी आणि खाणीतला माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर उमटलेले स्मित माझ्या नजरेतून सुटलेले नाही. भांडवलसंचय, वेतनाचे सिद्धांत, शेतमालाचे भाव यांवर आयुष्यभर वर्ग घेतलेल्या माणसाने संग्रहालयातल्या एका खेळण्याच्या आगगाडीवर तासभर बोलावे, हे चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतूनही आपण प्रतिकृतीच शिकत असतो. आम्ही प्राध्यापक मंडळी तिला ‘मॉडेल’ म्हणतो. वास्तवातले काही घ्यायचे, बरेचसे सोडायचे आणि जे घेतले तेवढेच वास्तव आहे असे विद्यार्थ्याला भासवायचे, हा आमचा धंदाच होता. प्रतिकृतीत काय घेतले यापेक्षा काय गाळले, आणि ते गाळणे अपरिहार्य होते की सोयीचे होते, हे विचारण्याची सवय त्यामुळे मला लागली. आज तोच प्रश्न एका लाकडी टेबलाला विचारायचा आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत, सुमारे ८,९०० फूट उंचीवर क्रेस्टेड ब्यूट नावाचे छोटे गाव आहे. एके काळी ते कोळशाच्या खाणीवर जगत होते. गावातले जुने हार्डवेअरचे दुकान, ज्याला पुढे पेट्रोल पंपाची जोड मिळाली, त्या इमारतीत आता गावाचे संग्रहालय आहे. खाणीच्या दिवसांतल्या गावाची छोटी प्रतिकृती आणि तिच्यातून फिरणारी आगगाडी हे त्या संग्रहालयातले विशेष आकर्षण. अशा टेबलापाशी मुले आणि त्यांचे आजोबा सारख्याच कुतूहलाने वाकून उभे असतात. आपणही उभे राहू. मला त्या आनंदाची टिंगल करावयाची नाही. संग्रहालयाच्या इतर दालनांत खाणकामगारांचा इतिहास नाही असेही माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे फक्त या टेबलापुरते, किंबहुना जगभर संग्रहालयांतून दिसणाऱ्या अशा सर्व टेबलांपुरते आहे.

प्रथम गावाची हकीकत. १८८० मध्ये त्याची रीतसर नगरपालिका झाली. आसपासच्या डोंगरांत चांदी सापडत होती आणि तिच्या मागे धावणाऱ्यांना रसद पुरवणारे ठाणे एवढेच त्याचे प्रारंभीचे रूप होते. चांदीची हाव फार काळ टिकली नाही. टिकला तो कोळसा. १८८१ च्या अखेरीस डेन्व्हर व रिओ ग्रँड कंपनीची नॅरोगेज रेल्वे तेथे पोहोचली. दोन रुळांमधले अंतर तीन फूट. आपल्याकडच्या बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फूट होते, यावरून त्या गाडीच्या आकाराची कल्पना यावी. डोंगरात वळणे तीव्र घ्यावी लागतात, बोगदे व पूल यांचा खर्च कमी राखायचा असतो, म्हणून अरुंद रूळ. आज ही गाडी हौशी प्रतिकृतिकारांची विशेष लाडकी आहे. तिचे इवलेसे इंजिन आणि कडेकपारीवरची वळणे कोणाला आवडणार नाहीत? पण अरुंद रूळ घातले गेले ते देखणेपणासाठी नव्हे, कमी भांडवलात लवकरात लवकर कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्या. ही रेल्वे उभारणारे जनरल विल्यम जॅक्सन पामर यांनीच कोलोरॅडो कोल अँड आयर्न कंपनी उभी केली आणि प्वेब्लो शहरात पोलादाचा कारखाना काढला. १८८२ मध्ये त्या कारखान्यातून पोलादी रूळ बाहेर पडू लागले. म्हणजे खाणीतल्या कोळशाचा कोक व्हायचा, कोकने पोलाद व्हायचे, पोलादाचे रूळ व्हायचे आणि ते रूळ पुन्हा नव्या खाणीपर्यंत जायचे. एका भांडवलदार गटाच्या मुठीत आलेले असे वर्तुळ पाठ्यपुस्तकातही क्वचित इतके स्वच्छ सापडते. रेल्वे खाणीकडे गेली असे आपण सहज म्हणतो, परंतु येथे रेल्वे आणि खाण हे एकाच हिशेबवहीचे दोन रकाने होते. १८९२ मध्ये दोन कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन ‘कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न’ ही महाकाय कंपनी झाली आणि १९०३ मध्ये तिची सूत्रे रॉकफेलर व गुल्ड या घराण्यांकडे गेली. त्यांपैकी गुल्ड घराण्याच्या हाती तेव्हा डेन्व्हर व रिओ ग्रँड रेल्वेही होती.

आता टेबलाकडे वळू. प्रतिकृतीच्या रेल्वेचे जगात सर्वांत प्रचलित प्रमाण आहे सत्त्याऐंशीस एक. या प्रमाणात माणूस दोन सेंटिमीटरचा होतो आणि एक मैल साडेअठरा मीटरचा. क्रेस्टेड ब्यूटपासून तालुक्याच्या ठिकाणासारखे असलेले गनिसन हे गाव २८ मैलांवर आहे. तेवढाच रस्ता प्रामाणिकपणे दाखवायचा म्हटला तर अर्ध्या किलोमीटरहून लांब सभागृह लागेल. कोळसा जेथे जात होता ते प्वेब्लो त्या काळच्या लोहमार्गाने सुमारे दोनशे मैल, म्हणजे टेबल साडेतीन किलोमीटरचे. आणि नफा जेथे जात होता, ती न्यूयॉर्कमधील २६ ब्रॉडवे येथली रॉकफेलरांची कचेरी, ती याच प्रमाणात तीस किलोमीटरहून दूर कोठेतरी मांडावी लागेल! म्हणून प्रतिकृतिकार निवड करतात. स्थानक, मुख्य रस्ता, चर्च, खाणीचे तोंड, कोळसा वाघिणींत भरण्याचा उंच सांगाडा हे सर्व जवळजवळ आणतात. यात लबाडी काही नाही. हौशी मंडळी या निवडीविषयी आपसांत अत्यंत प्रामाणिकपणे चर्चा करतात. परंतु परिणाम असा होतो की गाव स्वयंपूर्ण दिसू लागते. जणू तेथेच उत्पादन, तेथेच उपभोग आणि गाडी केवळ शोभेसाठी गोल गोल फिरते आहे. ज्या गावाचे प्रत्येक खोरे आणि प्रत्येक रूळ दूरच्या मालकाकडे वाहत होता, ते गाव टेबलावर आपल्याच पायांवर उभे राहते.

याहून मनोरंजक असा आणखी एक भाग आहे. कोळशाची खाण दाखवणाऱ्या प्रतिकृतींत एक ठरीव युक्ती पुष्कळदा वापरली जाते. टेबलाच्या एका बाजूस खाण आणि दुसऱ्या बाजूस कोळसा वापरणारा कारखाना किंवा वीजगृह. दोहोंच्या मध्ये डोंगराचा पडदा आणि पडद्याआड जोडलेले रूळ. खाणीत रिकाम्या वाघिणी आत जातात आणि भरलेल्या बाहेर येतात. कारखान्यात भरलेल्या आत जातात, रिकाम्या बाहेर येतात. प्रत्यक्षात काय घडत असते? कारखान्यात ढकललेल्या भरलेल्या वाघिणीच डोंगराआडून खाणीच्या तोंडी पोहोचतात आणि पुन्हा ‘नव्याने भरून’ निघतात. वाघिणींतला कोळसा डिंकाने कायमचा चिकटवलेला असतो. तो कोणी खणत नाही, भरत नाही, उतरवत नाही, जाळत नाही.

मित्रहो, वस्तूच्या मूल्यामागचे मानवी श्रम दृष्टिआड होऊन वस्तूच आपल्या बळावर बाजारात हिंडते आहे असा भास कसा निर्माण होतो, हे मार्क्सने पहिल्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात समजावून दिले आहे. ते समजावताना वर्गात माझी नेहमीच दमछाक होत असे. ही डिंकाच्या कोळशाची युक्ती तेव्हा ठाऊक असती तर पुष्कळ खडू वाचला असता. कोळसा हलतो, गाव शोभिवंत दिसते, शिट्टी वाजते आणि कोणाचाही हात काळा होत नाही.

वास्तवात हात काळे होत होते आणि ते कोणाचे होते तेही आपल्याला माहीत आहे. प्रथम ब्रिटनमधून आलेले कसलेले खाणकामगार, पुढे इटलीतून आलेले आणि विशेषतः क्रोएशिया व स्लोव्हेनियातून, म्हणजे त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून आलेले शेतकरी. त्यांनी गावात आपापल्या परस्पर-साहाय्य संस्था काढल्या, कारण अपघातात कर्ता पुरुष गेला तर कुटुंबाला कोणी विचारणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. १८९४ मध्ये सुरू झालेली ‘बिग माइन’ ही मोठी खाण १९५२ पर्यंत चालली. खाणीजवळ कोकभट्ट्यांची रांग होती. रात्री तिचा तांबडा उजेड पडे आणि दिवसा धूर. प्रतिकृतीत उजेडासाठी छोटे दिवे बसवता येतात. धुराचे काय करायचे हा प्रश्न कोणत्याही संग्रहालयाला सुटलेला नाही, आणि खोकल्याचे काय करायचे हा तर पडतच नाही.

कोळशाच्या कामगाराला त्या काळी रोज मिळत नसे, टनामागे मजुरी मिळे. ही पद्धत वरकरणी न्याय्य दिसते, म्हणजे जेवढे खणाल तेवढे घ्याल. पण तिच्यात दोन फट होते. पहिली फट वजनाची. खणलेला कोळसा बाहेर आल्यावर कंपनीचा माणूस तो तोलत असे. काटा कंपनीचा, वही कंपनीची, आणि दगड किती निघाला म्हणून किती वजा करायचे हा निर्णयही कंपनीचा. म्हणून आपल्या बाजूचा, आपण निवडलेला वजनतपासनीस काट्याशी उभा राहावा ही खाणकामगारांची जुनी मागणी. ऊस वा कापूस काट्यावर घालणाऱ्या शेतकऱ्याला ही मागणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. प्रतिकृतीत कोळसा भरण्याचा सांगाडा फार बारकाईने केलेला असतो. फळ्यांच्या खिळ्यांच्या खुणासुद्धा दाखवतात. काटा मात्र दिसत नाही. ज्या वीतभर जागेत रोज कामगार आणि मालक समोरासमोर उभे राहत होते, ती जागा प्रतिकृतिकाराला महत्त्वाची वाटत नाही. त्याला दोष देण्यापूर्वी आपण किती इतिहासग्रंथांत काटा पाहिला तेही आठवावे.

दुसरी फट अधिक लक्षणीय. खाणीत शिरल्यावर लगेच कोळसा खणता येत नाही. छत कोसळू नये म्हणून लाकडी टेकू लावावे लागतात, पडलेला दगड बाजूला सारावा लागतो, साचलेले पाणी काढावे लागते, आणि कोळशाच्या छोट्या गाड्या तोंडापर्यंत याव्यात म्हणून जमिनीखाली रूळ टाकावे लागतात. या सर्वांतून एक पौंडही कोळसा निघत नाही, म्हणून त्याचे पैसे नाहीत! खाणकामगार त्याला ‘मृत काम’ म्हणत. (मार्क्सने यंत्रसामग्रीला उद्देशून वापरलेल्या ‘मृत श्रम’ या संज्ञेशी याची गल्लत करू नये. हा शब्द कामगारांचा आहे, तत्त्वज्ञाचा नव्हे.) टेकू लावण्यात वेळ घालवावा तर त्या दिवशी चूल पेटण्याची पंचाईत. टेकू न लावता खणावे तर डोक्यावर छत येण्याची भीती. सुरक्षितता कामगाराने आपल्या खिशातून विकत घ्यावी अशी ही रचना होती. आणि अपघात झाला की चौकशीत कामगाराचा निष्काळजीपणा सापडणे हे ओघानेच आले.

आता या टेबलाभोवतीच्या हौशी मंडळींचे काम आठवा. त्यांच्या कलेतला अत्यंत जिकिरीचा आणि म्हणून अत्यंत गौरवाचा भाग कोणता? रूळ टाकणे. काही जण तर तयार रूळ न वापरता एकेक लाकडी स्लीपर हाताने बसवून त्यावर सूक्ष्म खिळे ठोकतात. संध्याकाळी घरी येऊन, कोणाचे पैसे न घेता, आवडीने. ते मुक्त श्रम आहे आणि मनुष्याला त्याचा आनंद मिळावा हे तर समाजवादाचे जुने स्वप्न. पण जे काम येथे आनंदाचे शिखर आहे, तेच काम, रूळ टाकण्याचे, बिनमजुरीचे काम, खाणीच्या अंधारात कामगाराच्या गळ्याचा फास होते. दोन्ही ठिकाणी मोबदला शून्य. एका ठिकाणी शून्य स्वेच्छेने स्वीकारलेले, दुसऱ्या ठिकाणी लादलेले. श्रमाविषयी याहून बोलका धडा मला तरी ठाऊक नाही. तो त्या टेबलावर अगदी हाताशी आहे आणि कोणी सांगत नाही.

२४ जानेवारी १८८४ या दिवशी सकाळची पाळी खाणीत उतरल्यावर क्रेस्टेड ब्यूटच्या जोकरव्हिल खाणीत स्फोट झाला. कोळशाच्या थरातून झिरपणारा ज्वालाग्राही वायू साठला होता आणि त्याला ज्योत मिळाली. ५९ माणसे मेली. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. खाणीत हवा खेळवणारा पंखाच स्फोटात निकामी झाल्याने आत शिरून शोध घेणेही लांबले. भर हिवाळ्यातले ते दिवस, बाहेर बर्फ, आणि खाणीच्या तोंडाशी बायका उभ्या. मृतांपैकी अनेकांचे दफन गावाच्या स्मशानभूमीत एकत्रच झाले. कोळशाच्या खाणींची तपासणी करणारा सरकारी अधिकारी नेमण्याची तरतूद कोलोरॅडोत १८८३ मध्ये, म्हणजे जेमतेम एक वर्ष आधी झाली होती. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांत किती अंतर असते हे आपल्या देशातील कार्यकर्त्याला मी काय सांगावे! ती खाण ज्या कंपनीची होती ती म्हणजे मघाशी सांगितलेली, पामर यांनी उभारलेली कोल अँड आयर्न कंपनी.

हा दिवस प्रतिकृतीत कसा दाखवणार? येथे मला तिची खरी मर्यादा दिसते आणि ती आकाराची नसून काळाची आहे. प्रतिकृतीतील गावात कोणताही एक दिवस नसतो. ‘अमुक दशकाच्या सुमारास’ एवढेच असते. गाडी फेरी पुरी करते आणि पुन्हा तोच क्षण येतो. तेथे कालचे मजुरीचे दर आणि आजचे दर असा फरक पडू शकत नाही, संप सुरू होऊ शकत नाही आणि मिटूही शकत नाही. संघर्ष म्हणजे काळात घडणारी गोष्ट. जेथे काळच काढून टाकला तेथे संघर्ष आपोआप निघून जातो, कोणी मुद्दाम लपवावा लागत नाही.

अशी काळ गोठवलेली, नीटनेटकी गावे दाखवण्याची हौस संग्रहालयांना लागण्यापूर्वी खाण कंपनीलाच लागली होती. कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न कंपनीने १९०१ मध्ये स्वतंत्र ‘समाजशास्त्रीय विभाग’ काढला आणि ‘कॅम्प अँड प्लँट’ नावाचे नियतकालिक सुरू केले. त्यात खाणवस्त्यांची छायाचित्रे येत. घरांपुढे कुंपणे, बालवाड्या, वाद्यवृंद, भाजीपाल्याचे वाफे. बालवाड्या खोट्या नव्हत्या, आणि त्यांचा मुलांना उपयोग झाला असेल तर आनंदच आहे. पण मजुरी, वजन आणि टेकू यांविषयीचे कामगारांचे गाऱ्हाणे त्या पानांत शोधून सापडायचे नाही. म्हणजे खाणगावाची पहिली शोभिवंत प्रतिकृती मालकाच्या कचेरीत तयार झाली, कागदावर. कंपनीचे स्वतःचे दुकानही असे, आणि बंदिस्त वस्त्यांतून तर मजुरी फिरून त्याच गल्ल्यात यावी अशी व्यवस्था असे. क्रेस्टेड ब्यूट हे त्या मानाने मोकळे गाव होते. त्याची नगरपालिका होती, खाजगी दुकाने व गुत्ते होते. पण कंपनीचे दुकान तेथेही होतेच.

याच कंपनीच्या दक्षिणेकडील खाणींत मात्र दुकान, घर, शाळा, रस्ता, पहारेकरी, सारेच कंपनीचे. १९१० या एका वर्षात कोलोरॅडोच्या दक्षिण भागात प्रिमेरो, स्टार्कव्हिल आणि डेलाग्वा येथील स्फोटांत मिळून दोनशेहून अधिक कामगार मेले. सप्टेंबर १९१३ मध्ये तेथे युनायटेड माइन वर्कर्स या संघटनेच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. मागण्या सात होत्या. त्यांत आपला वजनतपासनीस होता, मृत कामाची मजुरी होती, आठ तासांचा दिवस होता, हव्या त्या दुकानात खरेदी करण्याचे स्वातंत्र्य होते. विशेष असे की यांतील बऱ्याच गोष्टी राज्याच्या कायद्यात आधीच लिहिलेल्या होत्या! कायदा पाळा, एवढ्यासाठी हजारो कुटुंबांना कंपनीच्या घरांतून बाहेर पडून हिवाळा तंबूत काढावा लागला. मालक पक्षाचे धोरण न्यूयॉर्कहून ठरत होते. धाकटे जॉन रॉकफेलर यांनी एप्रिल १९१४ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना कबूल केले की आपण त्या खाणींकडे दहा वर्षांत फिरकलेलो नाही. तीस किलोमीटर दूरच्या टेबलाचा मी मघा विनोद केला, तो निव्वळ विनोद नव्हता.

त्या साक्षीला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील तंबूंच्या वसाहतीवर राज्याच्या नॅशनल गार्डने मशीनगन चालवल्या आणि तंबू पेटवले. एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली. कंपनीचे पोलाद यापूर्वीच कामी आले होते. पहारेकऱ्यांची चिलखती मोटार, जिला कामगार ‘मृत्यूची गाडी’ म्हणत, ती प्वेब्लोच्याच कारखान्यात तयार झाली होती.

आणि याच दिवशी रेल्वेही इतिहासात आली, पण कोणत्याही टेबलावर नसलेल्या रूपात. गोळीबार चालू असता संध्याकाळी एक मालगाडी त्या मार्गावर आली आणि मशीनगन व तंबू यांच्या मध्ये उभी राहिली. तिच्या आडोशाने पुष्कळ बायकामुले निसटून टेकड्यांकडे पळू शकली. गाडीवरच्या माणसांचे नाव कोणाच्या तोंडी नाही. चार-दोन मिनिटे वाघिणी जागच्या जागी उभ्या राहिल्या, एवढेच. प्रतिकृतीतली गाडी फिरती राहावी म्हणून सारा खटाटोप असतो. मला मात्र उभी राहिलेली ती एकच मालगाडी अधिक मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाराज, आपण मुलांच्या खेळण्यावर फार ओझे घालता. आक्षेप योग्य आहे. त्यावर माझे उत्तर असे की मुलांसमोर सत्य मांडण्याचे मार्ग आहेत आणि ते कोणी कोणी चोखाळले आहेत. वेल्समधील ब्लेनॅव्हन येथील ‘बिग पिट’ ही खाण १९८० मध्ये बंद पडली आणि १९८३ पासून लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. तेथे प्रेक्षकाला शिरस्त्राण व दिवा देऊन नव्वद मीटर खाली नेतात. आगपेटी आणि बॅटरीवर चालणारी वस्तू वर ठेवून जावे लागते, कारण खालचा वायू खरा आहे. दाखवायला पुष्कळ वर्षे खाणीत काम केलेलीच माणसे होती. शेवटी दिवे विझवायला सांगतात आणि अंधार काय असतो ते कळते. मुलेही जातात, आणि पुढे ती खेळण्याच्या रेल्वेचा तिरस्कार करू लागली असे ऐकिवात नाही.

टेबलावरही हे सारे अशक्य नाही. डोंगराचा एक भाग कापून काचेआड खाणीचे पोट दाखवता येते. सांगाड्यापाशी काटा मांडता येतो. वाघिणीतला कोळसा न चिकटवता मुलांच्या हाताने भरू द्यावा, तोलू द्यावा आणि दगडापोटी किती वजा झाले तेही ऐकू द्यावे. हौशी मंडळींचा अभ्यास दांडगा असतो. कोणत्या साली कोणत्या इंजिनाला कोणता दिवा होता हे ते सप्रमाण सांगतील. कंपन्यांनी फेकून दिलेले कित्येक आराखडे आणि छायाचित्रे याच मंडळींनी जपून ठेवली आहेत, हे ऋण मान्य केले पाहिजे. इंजिनाच्या दिव्याविषयी जी निष्ठा ते दाखवतात ती मजुरीच्या दराविषयीही त्यांनी दाखवावी, एवढीच मागणी. ही मागणी करण्यासाठी त्यांच्या मंडळात आपल्यातल्या कोणी जाऊन बसावे लागते. आपण इतिहासाची संग्रहालये दुसऱ्यांवर सोपवतो आणि मग त्यांत आपला माणूस नाही म्हणून अग्रलेख लिहितो.

राहता राहिली क्रेस्टेड ब्यूटची पुढची कथा. १९५२ मध्ये बिग माइन बंद झाली. कोळशाच्या जोरावर आलेली रेल्वे कोळसा संपताच उखडली गेली. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रूळही गेले. काही वर्षे गाव ओस पडल्यासारखे होते. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जवळच्या डोंगरावर बर्फावर घसरण्याच्या खेळाचे केंद्र निघाले आणि पैसा पुन्हा आला, या वेळी कोळशासाठी नव्हे, बर्फासाठी. १९७४ मध्ये गावाची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. १९७७ च्या सुमारास अमॅक्स या बड्या खाण कंपनीने गावाशेजारच्या डोंगरातून मॉलिब्डेनम काढण्याची योजना आणली. तेव्हा गावकरी तिच्याविरुद्ध उभे राहिले आणि काही वर्षांत कंपनीने ती योजना सोडून दिली. बड्या भांडवलाला एका छोट्या गावाने परतवून लावले ही गोष्ट आपल्या चळवळीतही सांगण्यासारखी आहे.

पण तिची दुसरी बाजू सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. डोंगर वाचला, जुनी घरे वाचली, रंगरंगोटी झाली आणि खाणकामगारांनी हाताने बांधलेली ती लाकडी घरे श्रीमंतांची सुट्टीची घरे झाली. भाव इतके चढले की उपाहारगृहात वाढणारे, खोल्या झाडणारे, शाळेत शिकवणारे, बर्फावरच्या पाळण्यांची यंत्रे चालवणारे यांना गावात राहायला जागा मिळेना. जून २०२१ मध्ये नगरपालिकेने घरटंचाईची रीतसर आणीबाणी जाहीर केली. पूर किंवा वणवा आल्यावर जाहीर करतात तशी! कामगार नसल्याने उपाहारगृहांना वेळा कमी कराव्या लागल्या.

कंपनीच्या काळी मालकाने कामगाराला घर दिले, कारण त्याला खाणीजवळ बांधून ठेवायचे होते. आता कोणी मालक नाही, फक्त जमिनीचा बाजार आहे आणि तो कामगाराला गावाबाहेर ठेवतो. टेबलावरची तीच घरे रंगीत आणि दोन बोटांएवढी. आत कोण राहते हे तेथे पूर्वीही लिहिलेले नव्हते.

काम करणारे अनेक जण आता खाली गनिसनमध्ये राहतात, २८ मैलांवर. नॅरोगेज गाडी ज्या खोऱ्यातून कोळसा घेऊन उतरत असे, त्याच खोऱ्यातून सार्वजनिक बस सकाळी त्यांना वर घेऊन जाते आणि पाळी संपली की खाली आणते. त्या बसला तिकीट नाही.